बयजाआत्याची दुमड

फार मागची गोष्ट. तेव्हा करवंदटेकच्या पठारावर पौषात अशी थंडी पडायची, की सकाळी रांजणातलं पाणी घ्यायला आधी वरचा बर्फाचा पापुद्रा फोडावा लागे, असं म्हणतात. आताची माणसं हसतात. हसू देत, त्यांच्या घरी गिझर आहेत.

त्या गावात बयजाआत्या राहायची. नवरा पलटणीत होता. तो तिला सुयांवर विणायला शिकवून गेला आणि लढाईवरून परतलाच नाही. मूलबाळ नव्हतं. जीभ मात्र होती, आणि ती साऱ्या गावाला पुरून उरायची. छत्रीच्या काड्या दगडावर घासून तिनं सुया केल्या होत्या. धनगरवाड्यावरून लोकर आणायची आणि विणत बसायची. गावाच्या टोकाला प्लेगनं पोरक्या केलेल्या मुलांचा आश्रम होता, त्या पोरांसाठी.

एकटीच्यानं होईना, म्हणून तिनं गावातल्या बायकांना सुया धरायला शिकवलं आणि स्वतःच्या डोक्याला ताप करून घेतला. जी ती टोपडं विणायची. टोपडं झटकन होतं, गोजिरं दिसतं, वर गोंडा लावला की शेजारीण बघत राहते. थंडी तोंडावर आली की आत्याच्या ओसरीवर टोपड्यांचा ढीग पडायचा. आश्रमात तान्ही बाळं होती दोन. बाकी सगळी गुडघे फुटलेली, हाडं वाढीला लागलेली पोरं. त्यांच्या अंगाचं विणायचं म्हणजे महिनाभर मान मोडायची. ते कोण करणार?

“पोतंभर टोपडी आन् डोकी दोन,” आत्या कपाळाला हात लावायची. “उरल्याली काय कोंबड्यांना घालू?”

“खरंय हो आत्या तुमचं,” पाटलीणबाई म्हणायच्या आणि पुढच्या वर्षी दोन गोंड्यांचं टोपडं घेऊन यायच्या. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मोठी पोरं आत्याच्याच वाट्याला यायची, आणि त्यांत सगळ्यात मोठी होती चिमी. नाव चिमी, पण दारातून वाकून जायची. आत्या माप घेऊन तिचा स्वेटर विणायला घ्यायची आणि शेवटचा टाका पडेपर्यंत बाह्या कोपरावर आलेल्या असायच्या. तो स्वेटर धाकट्या कुणाला तरी जायचा आणि चिमी पोतं पांघरून हिंडायची. आत्याचा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की तिचं तोंड सुटायचं.

“अगं मेले, किती वाढशील? जरा दम खा की. बोटं झिजली माझी तुझ्यापायी.”

आत्या ज्याच्यावर कावते त्याच्यावरच तिची माया असते, हे गावाला ठाऊक होतं. चिमीला कोण सांगणार? तिच्यावर हक्कानं कावणारं माणूसच तिनं आधी पाहिलं नव्हतं. तिनं ते सगळं खरं मानलं. त्या वर्षी ती पोक काढून चालू लागली. आणि एके दिवशी आश्रमात भाकऱ्या थापणारी कोंडूबाई आत्याच्या ओसरीवर आली.

“आत्या, चिमी तापानं फणफणलीय. कवापासनं अर्धीच भाकरी खाती, उरल्याली कुत्र्याला घालती. इचारलं तर म्हनती, जास्त खाल्लं की मी वाढते, मग आत्याला तरास हुतो.”

आत्या तडक उठली. घरात लोकरीचा धागा नव्हता. आत्यानं टोपड्यांचं पोतं ओसरीवर उपडं केलं आणि एकेक टोपडं उसवायला घेतलं. लाल, पिवळं, जांभळं. पाटलीणबाईंचे गोंडेसुद्धा. त्या समोरच उभ्या होत्या. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, आत्याकडे पाहिलं, आणि खाली बसून लोकरीचे गुंडे गुंडाळू लागल्या.

मग रात्रीची थंडी पडायच्या आत चिमीचा स्वेटर व्हावा म्हणून आत्या विणायला बसली. असं म्हणतात, की एक बाही बाकी होती तेव्हा सूर्य डोंगराच्या कडेला टेकला. आत्यानं मान वर न करता त्याला सांगितलं, “थांब तिथंच.” आणि तो थांबला. तोही तिच्या तोंडाला भीत असावा. गुरं वाटेत खोळंबली, कोंबड्या खुराड्याच्या दारात घोटाळत राहिल्या. आत्यानं शेवटचे टाके बंद केले तेव्हाच दिवस मावळला.

तिनं तो स्वेटर चिमीच्या अंगात घातला. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. आत्यानं त्या दुमडल्या, पुन्हा दुमडल्या. चिमी कितीतरी वेळ ती दुमड चाचपत राहिली.

“आत्या, मग मी वाढू?”

आत्याला रडू आलं, आणि रडू आलं याचा भयंकर राग आला. “वाढ की गं बाई. कुनी अडवलंय? तुळईला डोकं लागंस्तवर वाढ.”

चिमी बरी झाली आणि सांगितल्याप्रमाणे वाढली. बाही आखूड झाली की ती एक दुमड उलगडायची, आणि उलगडली की आत आणखी एक निघायची. लग्न होऊन सासरी गेली तेव्हाही अंगात तोच स्वेटर होता आणि दुमड शिल्लक होती, असं म्हणतात.

आत्याला जाऊन पिढ्या झाल्या. करवंदटेकला टोपडी अजून ढिगानं येतात. त्याला काही इलाज नाही. पण पहिले टाके घालायचे ते आश्रमातल्या सगळ्यात थोरल्या पोरासाठी, आणि बाहीला बयजाची दुमड ठेवायचीच, असा गावाचा दंडक आहे. थंडीच्या तोंडावर मुलं मापासाठी देवळाच्या खांबाला टेकून उभी राहतात. गावातली सगळ्यात म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून एकेकावर कावते, “मेल्या, किती वाढलास रं? आता मी काय करू?” आईबाप असलेल्या पोरांना हे घरात उठता-बसता ऐकायला मिळतं. या पोरांना ते ऐकवायला अख्खं गाव जमतं.

मग पोरानं विचारायचं, “वाढू का?”

आणि साऱ्या बायका हातातली टोपडी बाजूला ठेवून म्हणतात, “वाढ.”