रेशमी पिशव्या आणि नाचणीचा उंडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. ज्यांना सांगता आलं असतं ते आता नाहीत, आणि जे आहेत त्यांनी माझ्यासारखीच ती ऐकली आहे. तेव्हा लहानांनो, पुढे सरकून बसा. आणि मोठ्यांनो, तुम्ही मागे बसा, पण कान इकडे द्या. खरं तर गोष्ट तुमचीच आहे.

दोन डोंगरांच्या मध्ये एक लहानसं राज्य होतं. तिथे एक राजा होता, एक राणी होती आणि त्यांची पाच वर्षांची व्हायला आलेली एकुलती एक लेक होती. हत्तीखान्यात एक म्हातारी हत्तीण होती. ती इतकी म्हातारी होती, की तिने राजाच्या आजोबांनाही पाठीवर बसवलं होतं. तिला आता डोळ्यांनी नीट दिसत नसे. माणसं ती वासावरून ओळखायची.

त्या राज्यात एक जुनी रीत होती. राजाचं मूल पाच वर्षांचं झालं, की त्याने भर चौकात, सगळ्या रयतेसमोर, नाचणीच्या पिठाचा उंडा मळायचा आणि आपल्या हाताने हत्तिणीला भरवायचा. उंडा म्हणजे मळलेल्या पिठाचा मोठा गोळा. हत्तिणीने तो खाल्ला, तर मूल राज्याचं वारस ठरायचं. नाही खाल्ला, तर मुलाला सात वर्षं डोंगरापलीकडच्या आश्रमात राहायला जावं लागायचं. तिथे ना आई, ना बाप. बाराव्या वर्षी परत यायचं आणि पुन्हा उंडा मळायचा.

पूर्वजांनी ही रीत का घातली असेल? ज्याला चार मुठी पीठ मळता येत नाही, त्याच्या हाती राज्य कसं द्यायचं, असं त्यांना वाटलं असावं. पूर्वज अधूनमधून शहाणपणाने वागत.

पण आपल्या या राजाची अडचण वेगळी होती. राजकन्येच्या आधी त्याला एक मुलगा झाला होता. तो तीन वर्षांचा असताना बागेत त्याच्या बोटात काटा रुतला, बोट पिकलं, ताप चढला आणि आठ दिवसांत पोर गेलं. राजाने ते दुःख कुणाला बोलून दाखवलं नाही. त्याने फक्त एक हुकूम काढला. लेक जन्मली, तशा तिच्या दोन्ही हातांना रेशमी पिशव्या बांधल्या गेल्या. मऊ, गुलाबी, मनगटापाशी नाडी असलेल्या. आंघोळीपुरत्या त्या सुटायच्या आणि अंग पुसलं की लगेच बांधल्या जायच्या. भरवायला दासी, वेणी घालायला दासी, बाहुली हलवायलासुद्धा दासी.

"राजाला डोकं लागतं," दरबारी माना हलवत म्हणायचे, "हात काय, नोकरांचे असतातच."

आणि राजकन्येचं डोकं होतंच तल्लख. तिला शिकवायला शास्त्रीबुवा होते. राज्यातले सर्वांत विद्वान गृहस्थ, पण मनाने वाईट नव्हते. त्यांनी तिला शंभरपर्यंत आकडे शिकवले, चोवीस धान्यांची नावं शिकवली, मापं शिकवली.

"चिमूट म्हणजे?" शास्त्रीबुवा विचारायचे.

"दोन बोटं आणि अंगठा यांत मावेल तेवढं."

"मूठ म्हणजे?"

"पाची बोटं मिटल्यावर आत राहील तेवढं."

"पसा?"

"एका पसरलेल्या हातावर मावेल तेवढं."

"आणि ओंजळ?"

"दोन पसे एकमेकांना जोडून होते ती!"

शास्त्रीबुवा खूश, राजा खूश, दरबार खूश. उत्तर देताना पोरीचे दोन्ही हात पिशव्यांत असायचे, हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

पाचवा वाढदिवस एका महिन्यावर आला. उंड्याचं काय करायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा राजा म्हणाला, "त्यात काय अवघड आहे? रीत थोडी वळवू. उंडा आचारी मळेल. ही फक्त हातात धरेल. एकदा करून बघू."

आचाऱ्याने केशर, वेलची घालून असा गोल उंडा वळला, की जणू साच्यातून काढलाय. राजकन्येची एक पिशवी सोडली. तिने उंडा कसाबसा पुढे केला. हत्तिणीने सोंड लांब केली. उंडा हुंगला. मग राजकन्येचा हात हुंगला. त्याला नुसता गुलाबपाण्याचा वास होता. हत्तीण थोडा वेळ उभी राहिली. मग तिने तो उंडा अलगद उचलला, चार पावलं चालत गेली आणि आचाऱ्याच्या हातात परत ठेवला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. राणीच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षं! या एवढ्याशा जिवाला आपली वेणीसुद्धा घालता येत नाही, आणि ती सात वर्षं डोंगरापलीकडे राहणार!

शास्त्रीबुवांनी धीर दिला. त्यांनी रात्रभर जागून उंडा मळण्यावर अकरा श्लोक रचले. चार दिवसांत राजकन्येने ते तोंडपाठ केले. पाचव्या दिवशी तिच्यापुढे परात ठेवली, पिशव्या सोडल्या. तिने पिठात बोटं घातली आणि किंचाळून बाहेर काढली.

"ते चावतंय!" ती रडायला लागली.

पीठ चावत नव्हतं हो. पाच वर्षांत त्या बोटांना खरखरीत असं काही लागलंच नव्हतं. श्लोक सगळे पाठ होते, पण बोटांना एकही येत नव्हता.

त्या संध्याकाळी राणी एकटीच हत्तीखान्यात गेली. तिथे माहुताची बायको हत्तिणीसाठी उंडे मळत बसली होती. तिला सगळे माहुतीण म्हणत. राणीने तिला सारं सांगितलं.

"पंचवीस दिवस राहिलेत," राणी म्हणाली. "होईल का गं काही?"

माहुतिणीने हात पुसले. "व्हईल की, राणीसाहेब. पन माझ्या दोन अटी हायेत. त्या पिशव्या पुन्हा बांधायच्या न्हाईत. आन् पोरीला इथं काय शिकलीस म्हनून कुनी इचारायचं न्हाई."

"विचारायचं का नाही?"

"बी पेरलं की रोज उकरून बघत्यात का?"

राणीने अटी मान्य केल्या. राजाला पटवणं तिला सोपं गेलं नाही, पण आश्रमाचं नाव निघाल्यावर तो तयार झाला. एवढं मात्र म्हणाला, "मी खिडकीतून बघत राहणार."

दुसऱ्या दिवशी राजकन्या हत्तीखान्यात आली. हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना, म्हणून तिने ते पाठीमागे लपवले.  माहुतिणीने ओढ्याची वाळू आणून एक ढीग घातला, दोन लोट्या ठेवल्या आणि आपलं काम करत बसली. पोरगी दुपारपर्यंत नुसती बघत राहिली. मग हळूच एक बोट वाळूत घातलं. मग दुसरं. संध्याकाळी दासी न्यायला आल्या तेव्हा ती या लोटीतली वाळू त्या लोटीत ओतत होती आणि दासींना म्हणाली, "थांबा गं, अजून सांडतेय."

पुढचे दिवस असेच गेले. कधी ती चिखलाचे हत्ती करायची. पहिल्या हत्तीला तीनच पाय झाले, तर तिने त्याला भिंतीला टेकवून उभा केला. कधी सुपातल्या नाचणीतले खडे वेचायची. कधी माहुतिणीशेजारी बसून भरड पिठाचा लहानसा उंडा मळायची. कधी शेंगा सोलायची, चिंचोके एका ओळीत मांडायची आणि मोजता मोजता मध्येच थांबून म्हणायची, "मावशी, वीस म्हणजे एवढे असतात?" शंभरपर्यंत आकडे तिला दोन वर्षांपासून येत होते. वीस केवढे असतात, ते आज कळत होतं.

हत्तिणीला आंघोळ घालताना तिने पहिल्यांदा ओंजळीत पाणी घेतलं. हत्तिणीपर्यंत पोचेपर्यंत ओंजळ रिकामी.

"मावशी, माझी ओंजळ गळते!"

"बोटं जवळ घ्या, ताईसाहेब. आनखी जवळ. हां!"

त्या दिवशी हत्तिणीच्या एका नखावर राजकन्येने ओंजळभर पाणी ओतलं आणि दरबारात कधी हसली नव्हती तशी हसली. खिडकीत उभ्या असलेल्या राजालाही हसू आलं, पण त्याने ते मिशीत लपवलं.

आणि मग विसाव्या दिवशी, ज्याची राजाला पाच वर्षं धास्ती होती, तेच झालं. चाऱ्याच्या पेंढीत बाभळीची फांदी आली होती. राजकन्येच्या बोटात काटा रुतला. "आई गं!" अशी तिची हाक राजाने ऐकली आणि तो जिना उतरून अनवाणी धावत सुटला.

"पिशव्या आणा!" तो ओरडत होता. "कोण आहे रे तिकडे! पिशव्या आणा!"

तो हत्तीखान्यात पोचला तेव्हा राजकन्या दगडावर बसली होती. डोळ्यांत पाणी होतं, पण मान खाली घालून ती बोटाकडे बघत होती. डाव्या हाताच्या अंगठ्याने तिने जागा दाबली, उजव्या हाताच्या चिमटीत काट्याचं टोक धरलं आणि सरळ ओढलं. इतके दिवस सुपातले खडे वेचून त्या बोटांना नेमकं धरता येऊ लागलं होतं.

"आबासाहेब, निघाला!" तिने काटा वर करून दाखवला. "मी काढला. मावशी, आता हळद. चिमूटभर."

आणि तिने स्वतःच डबीतून हळद घेतली. अगदी चिमूटभर.

राजा तिथेच, हत्तीखान्याच्या जमिनीवर, खाली बसला. त्याला आपला मुलगा आठवला. त्या पोराला काटा लागला तेव्हा ते काही बोललंच नव्हतं. काय झालं हे त्याला सांगता आलं नव्हतं, कुठे दाबायचं, काय ओढायचं हे कळलं नव्हतं. त्याने हात फक्त लपवून ठेवला होता. दासींच्या लक्षात आलं तोवर चार दिवस गेले होते. राजा तेव्हापासून काट्यावर चिडून होता. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण चुकीच्या गोष्टीवर चिडलो.

एक दासी धापा टाकत पिशव्या घेऊन आली. राजाने त्या तिच्या हातातून घेतल्या आणि आपल्याच कमरेला खोचून टाकल्या.

वाढदिवस उजाडला. चौक माणसांनी भरला. मधोमध चांदीची परात, बाजूला नाचणीचं पीठ आणि गुळाचं पाणी. हत्तीण झुलत उभी होती. राणीने पदराचं टोक घट्ट धरलं होतं.

राजकन्येने पीठ घेतलं, ओंजळभर गुळाचं पाणी घातलं आणि मळायला लागली. पण चांदीच्या परातीसाठी राजवाड्याच्या कोठीवाल्याने पीठ चांगलं दोनदा चाळून घेतलं होतं. हत्तीखान्यातलं पीठ भरड असायचं. या बारीक पिठाला तेवढं पाणी झेपेना. पीठ सैल झालं, हातांना चिकटलं, बोटांतून ओघळायला लागलं. 

"सातवा श्लोक आठवा!" शास्त्रीबुवा पुटपुटले.

राजकन्येने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने माहुतिणीकडेही पाहिलं नाही. तिने पिठाचा एक कण दोन बोटांत दाबून बघितला. थोडा विचार केला. मग म्हणाली, "अजून एक मूठ पीठ."

कोठीवाला पुढे आला, तर तिने त्याला थांबवलं. "तुमची मूठ मोठी आहे. माझी मूठ घालायची."

तिने आपली मूठ घातली. पुन्हा मळलं. मग एक चिमूट आणखी. उंडा झाला, पण कसला! एका बाजूला बसका, दुसऱ्या बाजूला फुगीर, आणि सगळीकडे दहा बोटांचे ठसे. आचाऱ्याने मान फिरवली.

राजकन्येने तो दोन्ही हातांत धरून पुढे केला. हत्तिणीची सोंड आली. उंडा हुंगला. मग हात हुंगले. त्या हातांना नाचणीचा, गुळाचा, वाळूचा, चिखलाचा आणि खुद्द हत्तिणीचाच वास येत होता. हत्तीण थोडा वेळ थांबली. अख्खा चौक थांबला.

आणि तिने उंडा तोंडात टाकला.

काही लोक शपथेवर सांगतात, की हत्तीण तेव्हा म्हणाली, "थोडा गूळ कमी पडला." मला काही ते खरं वाटत नाही. खाताना बोलण्याची तिला सवय नव्हती. पण तिने राजकन्येला सोंडेने उचलून पाठीवर बसवलं, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. राणी तिथेच रडली, आणि या वेळी कुणीही हसलं नाही.

राजाने दुसऱ्याच दिवशी हत्तीखान्याशेजारचं अंगण मोकळं करवलं. वाळूचा ढीग, चिकणमाती, सुपं, लोट्या, चिंचोके. गावातली सहा वर्षांखालची सगळी पोरं तिथे यायची आणि माहुतीण त्यांच्यात बसायची. रेशमी पिशव्यांचं काय झालं म्हणाल, तर त्यांत चिंचोके भरून ठेवले. नाडी चांगली होती.

एके सकाळी शास्त्रीबुवा अंगणात आले. बराच वेळ कठड्यापाशी उभे राहिले. मग उपरणं बाजूला ठेवलं, धोतर आवरलं आणि पोरांत खाली बसले. त्यांनी घंगाळातलं पाणी ओंजळीत घेतलं. आयुष्यभर ओंजळ शिकवली होती, पण पाण्याचा तांब्याही शिष्यच भरून द्यायचे. पाणी बोटांतून गळून धोतरावर सांडलं.

शास्त्रीबुवांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या राजकन्येला हळूच म्हणाले, "ताईसाहेब, माझी ओंजळ गळते आहे."

राजकन्येने आपले मातीने माखलेले हात त्यांच्या हातांभोवती धरले.

"बोटं जवळ घ्या, शास्त्रीबुवा," ती म्हणाली. "आणखी जवळ. हां!"

तर गोष्ट इथे थांबली. तिच्यातून घ्यायचं ते एवढंच: लेकराचे हात जपायचे म्हणून बांधून ठेवू नका, कारण हाताला जे कळतं तेच डोक्यात टिकतं.