सोनवाटी आणि सुरंगीचे वाटीपाव

सुरंगीची आई पंधरा दिवस तापात होती. सोळाव्या दिवशी ताप गेला, पण जाताना आईची भूकही सोबत घेऊन गेला.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि आपली पिशवी बंद केली. औषधाचं काम आता संपलं, म्हणाले. आता पोटात अन्न जायला हवं, आणि तेही तिला स्वतःला खावंसं वाटून, बळेबळे नाही. तीन-चार दिवसांत तसं झालं नाही, तर अंगात उरलेली ताकदही जाईल. हे शेवटचं त्यांनी अंगणात येऊन, अगदी हळू आवाजात, शेजारच्या यमुकाकूंना सांगितलं. पण तुळशीमागे सुरंगी उभी होती, आणि आठ वर्षांच्या मुलीचे कान किती तिखट असतात हे वैद्यबुवा विसरले होते.

मायलेकींचं घर होतं जायफळाच्या बागेच्या कडेला. एवढंसं, एका खोलीचं, लाल कौलांचं. आई त्या बागेत जायफळं वेचायला जायची. ती आजारी पडल्यापासून घरातल्या डब्यांचे तळ दिसू लागले होते. दोन मुठी कण्या, बरणीत बोटभर तूप, थोडं मीठ, आणि पाव. पाव मात्र पुष्कळ होते. गावातल्या इनासकाकांच्या भट्टीसाठी सुरंगी रोज संध्याकाळी नारळाच्या सुक्या सोडणांचा, म्हणजे सालांचा, भारा न्यायची आणि काका तिला उरलेले दोन पाव द्यायचे. एक तिचा, एक आईचा. आईचा पाव तसाच राहायचा. शिंक्यात असे पाव साठत गेले आणि इतके कडक झाले, की एखादा निसटून पडला असता तर जमिनीलाच लागलं असतं.

यमुकाकू वाडग्यातून पेज आणून द्यायच्या. आई दोन घोट घ्यायची आणि भिंतीकडे तोंड वळवायची. सुरंगी वाडगा घासून, पुसून, त्यात अबोलीची चार फुलं घालून परत नेऊन द्यायची. शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत करायचं नाही, हे आईनं तिला बोलता येण्याआधीपासून शिकवलं होतं. भात असेल तर भात, नसेल तर चिमूटभर साखर, तीही नसेल तर फुलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुरंगीनं एक पाव पाट्यावर कुटला आणि त्याचा चुरा पाखरांना घालायला बागेत नेला. घरात कोणी खात नाही, तर निदान पाखरांनी तरी खावं. थंडीचे दिवस होते. डोंगराआडून ऊन उशिरा यायचं, म्हणून पानापानावर दवाचे टपोरे मणी अजून चमकत होते. झाडावर पिवळीधम्मक जायफळं पिकून उकलली होती, आणि प्रत्येक फळाच्या आत काळ्याभोर बीवर लालचुटूक जायपत्रीची जाळी दिसत होती.

एका फळातली जाळी मात्र हलत होती.

सुरंगी टाचा उंचावून जवळ गेली. ती जायपत्री नव्हतीच. तो होता इवलासा, लाल जाळीचा झगा, आणि झग्यात होती करंगळीएवढी परी. तिचा एक चंदेरी पंख कोळ्याच्या जाळ्यात गुरफटला होता. ती जितकी ओढत होती तितका तो जास्तच अडकत होता. सुरंगीनं तिला हलू नको म्हणून सांगितलं. मग गवताच्या काडीनं तिनं दवाचा एकेक थेंब उचलला, जाळ्यावर सोडला, आणि एकेक धागा भिजवून सोडवला. हाताला मुंग्या आल्या, पाय भरून आले, पण पंखाला एवढासाही चरा पडू दिला नाही.

परीनं पंख झटकला. चंदेरी चुरा हवेत उडाला आणि सुरंगीच्या नाकावर बसला.

"काय हवं तुला?" परीनं विचारलं.

सुरंगीला विचार करावा लागलाच नाही. "माझ्या आईसाठी भूक दे. एक वाटीभर पुरे."

परी हसली नाही. ती सुरंगीच्या अंगठ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "भूक माझ्याकडे नसते गं. ती वासाच्या वाटेनं येते. वास आवडला तर आत येते, नाहीतर दारातूनच परत जाते. ती तुलाच बोलवावी लागेल. मी तुला ही वाटी देते."

तिनं जायफळाच्या टरफलाचं अर्धुक उचललं आणि त्यावर फुंकर घातली. ते वाढत वाढत चटणीच्या वाटीएवढं झालं आणि सोन्यासारखं झळाळू लागलं. मग परीनं नियम सांगितले. तीन सकाळी, रोज एक इच्छा. मागायचं ते वाटीत मावेल एवढंच, कणभरही जास्त नाही. आणि तिसऱ्या सकाळी, बागेतलं दव वाळायच्या आत, वाटी याच झाडाखाली परत यायला हवी. एक क्षण जरी उशीर झाला, तरी वाटीतून आलेलं सगळं, जिथे असेल तिथून नाहीसं होईल.

सुरंगी वाटी परकरात लपवून घरी आली आणि चुलीपाशी बसून तिनं घरातला एकेक वास घेऊन पाहिला. पेजेला वास नव्हता. कण्यांना नव्हता. पावाला तर कसलाच नव्हता. मग तिला आठवलं, शिळी पोळी उरली की आई ती चुरून गूळ-तूप घालून कुस्करा करायची आणि त्या वासानं सुरंगी खेळ टाकून धावत यायची. शिळ्या पोळीचं होतं, तर शिळ्या पावाचं का नाही होणार? फक्त पाव फार कडक आहे, त्याला दुधात भिजवावा लागेल. आणि सांदणं करतो तसा छोट्या वाट्यांत घालून निखाऱ्यावर भाजला, तर वास घरभर पसरेल.

म्हणजे गूळ, मसाला आणि दूध. तीनच गोष्टी. सुरंगीनं बोटांवर पुन्हा मोजलं आणि तिला इतका आनंद झाला की तिनं शिंक्याखाली एक गिरकी घेतली.

त्या सकाळी तिनं वाटीत तोंड घालून हळूच गूळ मागितला. वाटी मधाच्या रंगाच्या मऊ गुळानं भरली. दुसऱ्या सकाळी मसाला मागितला, तर वाटीत आले वेलचीचे काळे दाणे, दालचिनीची साल, एक जायफळ आणि जायपत्रीची लाल पाकळी. बागेत जायफळांचा सडा पडला होता, पण ती बागवाल्यांची होती. सुरंगीनं त्यातलं एकही कधी उचललं नव्हतं.

त्या दिवशी आईनं पेजेचा एकच घोट घेतला.

तिसऱ्या सकाळी सुरंगीनं चूल पेटवली, पाव कुटून ठेवले, वाटी हातात घेतली आणि दूध मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात यमुकाकूंच्या गोठ्यातून रडण्याचा आवाज आला आणि ती वाटीसकट तिकडे धावली.

काकूंची शेळी पहाटे व्यायली होती. काळं पांढरं, ओलंचिंब पिल्लू गोणपाटावर पडलं होतं. गारठ्यानं त्याचे पाय लाकडासारखे झाले होते, मान उचलत नव्हती. शेळी शेजारी उभी राहून त्याला चाटत होती, पण ते प्यायला उठत नव्हतं, आणि पिल्लू प्यायल्याशिवाय शेळी कासेला कोणाला हात लावू देत नव्हती. काकू पदरानं डोळे पुसत होत्या. "भूकच लागणा नाय गो त्येका," त्या म्हणाल्या. "पोटात कायतरी ऊन गेला असता तर उठला असता."

सुरंगीनं पिल्लाकडे पाहिलं. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

आता आपल्या सुरंगीला खूप वाईट वाटलं, हे मी लपवणार नाही. वाटी एक, इच्छा एक, आणि घरात आई. तिनं एकदा मागे वळून घराकडे पाहिलं. मग तिनं वाटी तोंडाशी नेली आणि दूधच मागितलं, पण कोमट. वाटी भरली तशी ती गोणपाटावर बसली, फडक्याची वात केली, दुधात बुडवली आणि पिल्लाच्या तोंडात पिळली. एक थेंब, दोन थेंब, दहा थेंब. विसाव्या थेंबाला पिल्लानं वात चोखली. वाटी संपली तेव्हा ते उठलं, पडलं, परत उठलं आणि धडपडत जाऊन शेळीच्या पोटाशी ढुशा देऊ लागलं.

सुरंगी रिकामी वाटी घेऊन निघाली, तर काकूंनी तिला थांबवलं. पिल्लू पोटभर प्यालं आणि तरी शेळीची कास भरलेलीच होती. काकूंनी छोटा लोटा भरून तिला दिला. त्यात साधं दूध नव्हतं. तो होता पहिल्या दिवसाचा चीक, पिवळसर, दाट, ज्याचा खरवस होतो. चीक तापला की आपोआप घट्ट बसतो, सुरीनं वड्या पाडाव्यात इतका.

सुरंगी घरी धावली. पावाचा चुरा तिनं चिकात भिजवला, गूळ कालवला, चिमूटभर मीठ आणि कुटलेला मसाला घातला. चार सांदणवाट्यांना आतून तूप पुसलं आणि त्या काठोकाठ भरल्या. पातेल्यात वाळू पसरून वाट्या त्यावर ठेवल्या, झाकण घातलं आणि झाकणावर सोडणांचे निखारे रचले. मग ती दाराशी जाऊन दव बघून आली. अंगणातल्या गवतावरचं वाळलं होतं. बागेतलं अजून होतं.

आधी गुळाचा वास आला, करपताना येतो तसा थोडासा कडवट गोड. मग वेलचीचा. मग दालचिनी आणि जायफळ हातात हात घालून आले, आणि त्यांच्यामागून तुपावर खरपूस होणारा पाव. वास कौलांपर्यंत गेला, तिथून वळला आणि आईच्या अंथरुणावर उतरला.

आईनं कूस बदलली. तिनं भिंतीकडचं तोंड चुलीकडे केलं.

"काय करतंस गो बाय?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, आपल्याच बोलण्याचं नवल वाटल्यासारखी, म्हणाली, "माका भूक लागली."

सुरंगीच्या हातातली फुंकणी खाली पडली.

झाकण काढलं तर चारही वाट्यांतून सोनेरी, फुगीर, टम्म टोप्या वर आल्या होत्या. वाट्या उलट्या केल्या आणि पाव टुणकन ताटलीत उतरले, बाहेरून खुसखुशीत आणि आतून खरवसासारखे लुसलुशीत. आईनं पहिला खाल्ला, सावकाश, एकेक तुकडा. मग तिनं हात पुढे केला आणि आणखी मागितला. सुरंगीनं दुसराही दिला. तिसरा काकूंच्या लोट्यात गेला, कारण लोटा रिकामा कसा परत करायचा?

चौथा सुरंगीचा होता. तिनं आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. पाव तोंडाजवळ नेला, आणि तिला सोनवाटी दिसली. घासलेली, पुसलेली, रिकामी.

परीची असली म्हणून काय झालं, तीही शेजारीणच की. बाग घराला लागूनच होती.

अंगणात फुलंही नव्हती, अबोली कालच संपली होती. सुरंगीनं चौथा पाव सोनवाटीत ठेवला आणि ती पळत सुटली. ऊन झाडांवरून उतरत होतं. ह्या पानावरचं दव गेलं, त्या पानावरचं गेलं. ती झाडाखाली पोचली तेव्हा एकाच पात्यावर एकच थेंब उरला होता. तिनं वाटी टेकवली आणि थेंब वाळला.

परी फांदीवरून खाली आली. तिनं वाटीत डोकावून पाहिलं.

"हे काय आहे?"

"वाटीपाव," सुरंगी म्हणाली. नाव तिला तिथल्या तिथेच सुचलं. "शिळ्या पावाचा. भांडं रिकामं परत करायचं नसतं ना."

"मी वाटी कितीकांना दिली," परी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "सगळ्यांनी वेळेवर आणून दिली, नियमानं. पण माझ्यासाठी त्यात कोणी काही घातलं नव्हतं गं."

तिनं कडेचा एक कण तोडून खाल्ला आणि तिचे पंख गुळाच्या रंगाचे झाले. मग तिनं त्या पावाचे बरोब्बर दोन भाग केले आणि एक वाटीत घालून वाटी सुरंगीपुढे सरकवली. कोण जेवलं आणि कोण नाही, हे पऱ्यांना विचारावं लागत नाही.

"आता ही तुझी. नियम एकच. रोज सकाळी हिच्यात मसाला असेल, पण पहिला वाटीपाव ज्याची भूक हरवली असेल त्याला द्यायचा."

सुरंगी काही बोलणार, इतक्यात उन्हाचा एक कवडसा त्या लाल जाळीच्या झग्यावर पडला. झगा उजळला, पंख उजळले, झाडावरचं प्रत्येक जायफळ आतून दिवा लावल्यासारखं लखलखलं. त्या लाल सोनेरी उजेडात परी होती, होती, आणि मग नुसता उजेडच होता.

सुरंगी घरी आली. आई उंबऱ्यावर उन्हात बसली होती, कितीतरी दिवसांनी स्वतःच्या पायांनी चालत आलेली. तिच्या ओंजळीत दुसऱ्या वाटीपावाचा अर्धा भाग होता.

"एवढो माझ्यान संपणा नाय," ती म्हणाली. "तू खा."

ते खोटं होतं. आई बोटांना लागलेले कण चाटत होती, सुरंगीनं स्वतः पाहिलं. पण काही खोटं बोलणं आईला शोभतं. परीनं दिलेला अर्धा आणि आईनं ठेवलेला अर्धा तिनं सोनवाटीत शेजारी शेजारी ठेवले. त्यांचा एक अख्खा वाटीपाव झाला. तो तिनं आईच्या मांडीला टेकून खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत.

पुढे इनासकाका रोज टोपलीभर शिळे पाव पाठवू लागले. शहरात ह्याला मफिन म्हणतात, असं ते सगळ्यांना सांगत, पण गावात वाटीपावच म्हणत राहिले. आजाऱ्याच्या घरी पहिला वाटीपाव पोचायचा आणि थोड्याच वेळात तिथून कोणीतरी भूक लागली म्हणून हाक मारायचं. आणि रोज सकाळी, बागेतलं दव वाळायच्या आत, एक लहानसा वाटीपाव जायफळाच्या झाडाखाली ठेवलेला असायचा. तो कोण खातं, हे सुरंगीनं कधी लपून पाहिलं नाही.