सिंहासनावरची खुडूक

“माझ्या कोंबड्यांना कोंडायचं नाही, हुसकायचं नाही! परसाला कुंपण घालायचं नाही, माझ्या खिडकीतून ते दिसायला वाईट! आणि पाडव्याला शिकारीहून परतेन, तेव्हा ताटात याच परसातली भाजी हवी. एक जरी कोंबडी रानमांजराने नेली, तर रखमाजी, तुझा मळा गेलाच म्हणून समज!”

एवढं बोलून भुजंगराजे घोड्यावर बसले आणि निघूनही गेले. राजे हट्टी होते, पण इतके?

रखमाजी माळ्याने कपाळावर हात मारला. भेंडी नुकती उगवत होती, काकडीचे वेल आळ्यातून डोकं वर काढत होते, आणि कोंबड्या सगळं उकरून ठेवत होत्या. संध्याकाळ झाली की झुडपात रानमांजराचे डोळे चमकायचे. वडिलोपार्जित मळा जाणार, या धास्तीने बिचाऱ्याने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

“आबा, जेव की!” त्याची लेक हौसा म्हणाली. “कोंबडी मोकळी ठेवा म्हनलंय. कुठं ठेवा, ते कुठं म्हनलंय?”

दुसऱ्या दिवशी तिने ओच्यात कण्या घेतल्या आणि “या-या-या!” करत त्या परसापासून राजवाड्याच्या दरवाजापर्यंत टाकल्या. सगळा कळप टिपत टिपत तिच्यामागे निघाला. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला.

“हुसकून तर बघा!” हौसा म्हणाली.

पहारेकऱ्याने भाला पटकन बाजूला घेतला.

रोज तिन्हीसांजेला ती दरबारात कण्या टाकू लागली. कोंबडीला एकदा जागेची सवय झाली की ती दुसरीकडे कशाला जाते? झुंबरावर कोंबडा, पडद्यांच्या दांड्यांवर कोंबड्या! इकडे परसात भेंडी डुलायला लागली.

पाडव्याला राजे परतले, भाजी-भाकरी पोटभर जेवले आणि खुशीत दरबारात आले. सिंहासनावर बसणार, तोच गादीवरून आवाज आला, “क्रॉंऽक!”

पिसं फुलवून एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती!

“हे काय!” राजे ओरडले. “हुश्‌—”

“महाराज, हुकूम!” हौसा पुढे झाली. राजांनी उरलेला ‘हुश्‌’ गिळला.

“डालग्याखाली झाका हिला!” प्रधानजी म्हणाले.

“ते कोंडणं झालं की, प्रधानजी!”

“पोरी, माझ्या दरबारात कोंबड्या आणल्यास?” राजे लालबुंद झाले.

“मग काय करू, महाराज? परसाला कुंपन नको म्हनालात. मग जिथं आधीच तटबंदी हाय, पहारा हाय, तिथं आनल्या. मोजून घ्या, सगळ्या हायेत. आन् भाजी तर तुमी आत्ताच जेवलात!”

राजे सिंहासनाभोवती फिरले. जवळ गेले की खुडूक चोच उगारायची. एकदा तिने त्यांच्या बोटाला टोचलंही.

“आई गं! मग मी बसू कुठे?”

“त्ये तुमीच ठरवा, महाराज. कोंबडीला खुराडं बांधायचं, का तुमच्यासाठी दुसरं शिंव्हासन!”

 त्यावर राजे असे खदखदून हसले की झुंबरावरचा कोंबडा दचकून थेट प्रधानजींच्या पगडीवर उतरला!

त्याच दिवशी परसाला कुंपण लागलं, भक्कम खुराडं उभं राहिलं. रखमाजीचा मळा तर राहिलाच, शेजारचा वाफाही हौसाच्या नावावर झाला. खुडूक मात्र उठवायची नसते, हे राजांनाही मान्य करावं लागलं. पिल्लं बाहेर पडेपर्यंत महाराजांनी पाटावर बसून राज्य केलं!