पुसलेली मार्गदर्शिका

एकदा एका वृद्ध अभियंत्याने भर सभेत आपल्या लाडक्या शिष्याचे सारे लेखन पुसून टाकले. या कृत्याविषयी पुढे उलटसुलट पुष्कळ बोलले गेले. कोणी त्यांना विक्षिप्त म्हटले, कोणी कृतघ्न. म्हणून जे घडले ते क्रमाने सांगतो.

हे गृहस्थ आयुष्यभर टेलिफोन खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी काही तरुणांना हाताशी धरून एक संगणक-प्रणाली उभी केली. एखादा जुना संगणक घ्यावा, त्यावर ती बसवावी, की त्याचे छोटेसे टेलिफोन एक्स्चेंज होई. एका क्रमांकावर आलेला फोन मग पाच-दहा जणांकडे आळीपाळीने वाजे. प्रणाली विनामूल्य होती आणि खुली होती. तिची घडण कोणीही पाहावी, सुधारावी, वापरावी. गावोगावचे स्वयंसेवक तिची निगा राखत. वृद्धांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत.

ऋत्विज हा सरांचा पट्टशिष्य. बुद्धी तल्लख, कष्टाला मागे न हटणारा. नवशिक्यांसाठीची मार्गदर्शिका त्यानेच लिहिली होती. त्यांच्या शंकांना स्वयंसेवकांच्या गटावर उत्तरे देण्याचे कामही त्याच्याकडे होते, आणि त्याचे उत्तर बहुधा एकच असे, ‘आधी मार्गदर्शिका वाचा.’

त्या वर्षीच्या स्वयंसेवकांच्या सभेला एक अनोळखी बाई आल्या. नाव मंदाकिनी तावडे. रायगडच्या डोंगराळ भागात एका आश्रमशाळेत शिक्षिका. त्यांना कोणी बोलावले नव्हते. चहाच्या सुट्टीनंतर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मला पाच मिनिटं हवीत. कौतुक करायला आलेले नाही."



"आमच्याकडे भातकापणीत सर्पदंश फार होतात," त्या बोलू लागल्या. "लोक आधी मंत्र टाकणाऱ्या भगताकडे नेतात, मग दवाखान्यात. म्हणून आम्ही काही शिक्षकांनी एक क्रमांक सुरू करायचं ठरवलं. फोन आला की काय करायचं ते सांगायचं आणि गाडी पाठवायची. तुमची प्रणाली मी तुमच्या मार्गदर्शिकेवरून बसवली. त्यात लिहिलंय, ‘दोन फोनवर एकमेकांशी बोलून पाहा; आवाज आला की यंत्रणा सज्ज झाली.’ मी शाळेतल्या दोन खोल्यांत फोन ठेवले. आवाज आला. तरी मी तुमच्या गटावर विचारलं की बाहेरून फोन आला तर वेगळं काही करावं लागतं का. उत्तर आलं, ‘मार्गदर्शिका वाचा, सगळं त्यात आहे.’ मी पुन्हा वाचली. बाजारात जाऊन मोबाईलवरून फोन लावला. शाळेत घंटा वाजली. कोणी उचलायच्या आतच मी फोन ठेवला आणि गावात क्रमांक वाटला."



"बारकू वाघे नावाच्या मजुराला शेतात घोणस चावली. त्याच्या बायकोने आमचा क्रमांक लावला. फोन मीच उचलला. मी म्हणतेय, बोला, बोला. पलीकडून काही नाही. तिलाही माझं काही ऐकू जात नव्हतं. तिने पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिने फोन ठेवला आणि नवऱ्याला भगताकडे नेलं. दवाखान्यात पोचला तेव्हा उशीर झाला होता. जीव वाचला, मूत्रपिंडं गेली. आता डायलिसिसवर आहे. नंतर एका जाणकाराने सांगितलं, बाहेरच्या फोनसाठी एक वेगळी जोडणी करावी लागते, नाहीतर घंटा वाजते पण आवाज पोचत नाही. हे तुम्हाला माहीत होतं की नाही, एवढंच मला विचारायचंय."

सगळ्यांचे डोळे ऋत्विजकडे वळले. तो उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"माहीत होतं," तो म्हणाला. "ते प्रगत विभागात लिहिलेलं आहे. नवशिक्यांनी गोंधळू नये म्हणून वेगळं ठेवलंय. बाई, जे झालं त्याचं वाईट वाटतं. पण क्रमांक वाटण्याआधी बाहेरून फोन लावून बोलून बघायला हवं होतं. ही साधी गोष्ट आहे."

"तुम्हाला साधी आहे," तावडेबाई म्हणाल्या. "मला तुम्ही सांगितलं होतं, आवाज आला की झालं. मी शिक्षिका आहे. लिहिलेल्यावर माझा विश्वास असतो."

सर सावकाश उठले, पडद्याला जोडलेल्या संगणकापाशी गेले आणि त्यांनी संकेतस्थळावरची मार्गदर्शिका उघडली. मग एकेक प्रकरण निवडून ते पुसू लागले. पडद्यावरून शीर्षके नाहीशी होत होती. अखेरीस एक कोरे पान उरले. त्यावर सरांनी लिहिले, ‘नवशिक्यांसाठी आमच्याकडे मार्गदर्शिका नाही. अडलात तर फोन करा.’ आणि खाली ऋत्विजचा मोबाईल क्रमांक टाकला.

ऋत्विजचा तोल सुटला. "सर, माझं दोन वर्षांचं काम आहे ते. एक परिच्छेद चुकला म्हणून सगळं पुसायचं? काहीच नसण्यापेक्षा जे होतं ते बरं नव्हतं का?"

सर वळले. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यांना इतके संतापलेले कोणी कधी पाहिले नव्हते.

"नव्हतं," ते म्हणाले. "काहीच नसतं तर या बाईंनी कोणाला तरी विचारलं असतं आणि उत्तर मिळेपर्यंत क्रमांक वाटला नसता. मार्गदर्शिका होती, म्हणून त्यांना वाटलं की सगळं कळलं. आणि ज्यांना कळलं नाही, त्यांना वाटलं आपणच मूर्ख. असे किती जण मुकाट्याने परत गेले असतील, ठाऊक आहे? मलाही नाही. कारण परत जाणारा माणूस सांगून जात नाही. तू वाट माहीत असलेल्यांसाठी वाट लिहिलीस. त्यांना तिची गरज नव्हती. आणि ज्याने विचारलं त्याच्या तोंडावर तेच पुस्तक आपटलंस. विद्या खुली ठेवली म्हणतो आपण. दार उघडं आणि उंबरा छातीइतका. याला खुलं म्हणत नाहीत. मीही ती मार्गदर्शिका न वाचता मान्य केली होती; तेव्हा हा राग तुझ्या एकट्यावर नाही. पण तो आज शांत करायची माझी इच्छा नाही."

तावडेबाई निघून गेल्या. सभाही तशीच उठली.

दुसऱ्या दिवसापासून ऋत्विजचा फोन वाजू लागला. पहिले काही दिवस तो घुश्शातच उत्तरे देई. सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपालांना प्रणाली बसवायची होती. त्यांनी विचारले, "पहिल्याच ओळीत ‘सर्व्हरवर जा’ म्हटलं होतं. सर्व्हर म्हणजे हाच माझ्यासमोरचा संगणक का?" ऋत्विज चिडून काही बोलणार होता, तेवढ्यात त्याच्या लक्षात आले की हे कुठेच लिहिलेले नव्हते. संगमनेरच्या दूध संस्थेचे सचिव तर म्हणाले, "तुमचं पुस्तक वाचून मी सहा महिन्यांपूर्वी नाद सोडला होता. आज क्रमांक दिसला म्हणून फोन केला. माणूस बोलतोय, बरं वाटलं." ऋत्विजने फोन ठेवला. त्याचा राग गेला नव्हता, पण आता तो सरांवर राहिला नव्हता.

हळूहळू त्याने एक प्रघात पाडला. ज्याची अडचण सुटे त्याला तो म्हणे, "आता तुम्हीच हे लिहून पाठवा, विसरायच्या आत. तुमच्या शब्दांत." ग्रंथपालांनी पहिले पान लिहिले. सचिवांनी फोन जोडण्याचे लिहिले, थोडे रांगडे, पण कोणालाही कळेल असे. गटातल्या काही जुन्या मंडळींना हे रुचले नाही. "आपण काय बालवर्ग चालवतोय का?" असे म्हणत दोघे सोडूनही गेले. उरलेल्यांनी पाने तपासली, चुका काढल्या, आणि सरांनी एकच अट घातली. ज्याने ते पान कधी पाहिलेले नाही अशा माणसाने ते मोठ्याने वाचत करून दाखवायचे, लिहिणाऱ्याने शेजारी तोंड मिटून बसायचे, आणि तो जिथे थांबेल तिथे दोष पानाचा मानायचा.

बाहेरच्या फोनची जोडणी सांगणारे पान मात्र ऋत्विजने स्वतः लिहिले. ते घेऊन तो आश्रमशाळेत गेला. तावडेबाईंनी त्याला बसायला सांगितले, पाणी दिले, आणि तो संगणकाकडे हात नेऊ लागला तसे म्हणाल्या, "तुम्ही हात लावायचा नाही. मी वाचते, मी करते."

त्या वाचू लागल्या. चौथ्या ओळीशी थांबल्या. पुन्हा वाचली. ऋत्विजच्या जिभेवर उत्तर आले होते.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग? ही ओळ बदला."

त्याने ती बदलली. त्या पुढे गेल्या. काम झाल्यावर त्यांनी त्याला फोन घेऊन बाजाराच्या रस्त्यावर पाठवले. तिथून त्याने क्रमांक लावला. घंटा वाजली, मग स्पष्ट आवाज आला, "बोला."

"ऐकू येतंय, बाई," ऋत्विज म्हणाला.

"मलाही येतंय." तावडेबाई म्हणाल्या. "पान चांगलं झालंय. बारकूच्या बायकोला मी हे सांगणार नाही. तिला त्याचा काही उपयोग नाही."

त्याला वाटले, क्षमा मागावी. मग उमगले की मागणे म्हणजे तावडेबाईंकडून आणखी काही घेणे होईल. त्याने पिशवीतून कागद काढला आणि बदललेली ओळ रस्त्याकडेला उभ्यानेच पुन्हा एकदा वाचली; अडणारा माणूस ती कशी वाचेल, तशी.

आपण जाणते आहोत असे ज्याला वाटते, त्याने आपल्या लिहिण्यापाशी कोण कोण थांबून परत गेले, याची आधी चौकशी करावी.