शेळीचा तह

"...पण बाबा, दोघं भांडत असले, तर आधी बोलायचं कोणी?"

शार्दूलचा हा सकाळपासूनचा अकरावा प्रश्न. चांदशाबाबा टेकडीवरच्या पिराच्या ओट्यावर बसून गोधडीला ठिगळ लावत होते. आधीच्या दहांची उत्तरं त्यांनी दिलीच नव्हती.

शार्दूल म्हणजे लई हुशार गडी, असं तो स्वतःच सांगायचा. त्याला एम.ए. करायचं होतं, आंतरराष्ट्रीय संबंधांचं. पुढं मोठी परीक्षा, मग थेट परदेशात राजदूत! उद्या विद्यापीठात मुलाखत होती. गेल्या वर्षी गडी तिथंच आपटलेला. यंदाही आपटला, तर वडील हार्डवेअरच्या दुकानात बसवणार, जन्मभर खिळे विकायला.

आणि चांदशाबाबा? दुसरी नापास. पण पाच गावांची भांडणं मिटवायला लोक त्यांनाच बोलवायचे.

"तुला काय काय येतं?" बाबांनी दोरा दातानं तोडला.

"तह, करार, वाटाघाटी... काहीपण विचारा."

"माझी शेळी पायथ्याच्या गुणाक्कानं बांधून ठेवलीय. तिची वांग्याची रोपं खाल्ली म्हणून. आणतोस?"

शार्दूलला हसूच फुटलं. शेळी!

"दहा मिनिटांत आणतो."

तरी पठ्ठ्यानं पारावर बसून चार पानी भाषण लिहिलं. मुद्देबिद्दे काढून.

गुणाक्का अंगण सारवत होती. शार्दूल ऐटीत उभा राहिला, कागद पाठीमागं धरून.

"नमस्कार. मी चांदशाबाबांचा प्रतिनिधी."

"का? बाबाचे पाय मोडले?"

"माननीय गुणाक्का, उभय बाजूंचं हित लक्षात घेता..."

"ए! शिव्या देतोस व्हय रे?"

शार्दूल गडबडला. पुढचं आठवेना. कागद बघायला त्यानं हात पुढं घेतला...

हातात नुसता कोपरा.

मागं खुंटाला बांधलेली शेळी डोळे मिटून चावत होती. चारही पानं.

शार्दूलनं तिच्या तोंडातलं पान ओढून बघितलं. सुटेना. परत ओढलं...

गुणाक्का पोट धरधरून हसली. शेणाच्या हातानंच मटकन खाली बसली. "अगं मेले, माझी वांगी पुरली नाहीत का तुला!"

मग डोळे पुसता पुसता बोलायला लागली. त्या वांग्यांचं बी लेकीनं सासरहून पाठवलेलं. दोन वर्षं झाली, लेक माहेरी आली नव्हती. गुणाक्का रोज सकाळी त्या रोपांशीच चार गोष्टी बोलायची...

शार्दूल "हं" म्हणाला. थोड्या वेळानं परत "हं". दुसरं काही उरलंच नव्हतं त्याच्याकडं.

ऊन उतरलं. चहा झाला. गुणाक्का आपणच उठली, दावं सोडून त्याच्या हातात दिलं.

"बाबाला सांग, कुंपणाला काटे आणून टाक म्हणावं. आणि तू येत जा रे बाळा. छान बोलतोस."

शार्दूल शेळी ओढत टेकडीवर आला. खरं तर शेळीनंच त्याला ओढत आणलं.

"काय बोललास?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही. भाषण हिनं खाल्लं."

बाबांनी शेळीच्या पाठीवर थाप मारली.

"बाबा, चेष्टा नको. उद्या समोर पाच मोठी माणसं बसणार. माझ्या जन्माचा प्रश्न आहे. सांगा ना, सोबत काय घेऊन जाऊ? पुस्तकं? वह्या?"

बाबांनी सुई गोधडीत खोचली. शेळीचं दावं उचललं आणि परत त्याच्याच हातात दिलं.

"हिला घेऊन जा."