हुंगलेला मोगरा

सूंऽ सूंऽ असा तो आवाज आठवला की अजून माझं डोकं फिरतं. देवस्थानाचे ट्रस्टी आबासाहेब आमच्या शेजारच्या अनसूयावहिनींच्या मेणबत्त्या एकेक उचलून हुंगत होते.

जत्रेतलं वहिनींचं ते पहिलंच दुकान. जाड वात काजळी धरायची, बारीक वात मेणात बुडून विझायची. महिनाभर खपल्यावर त्यांना नेमकी वात सापडली. मग मोगरा, केवडा, चंदन असे वास निवडले. वाती मीच वळून दिल्या होत्या.

चाळीसच्या चाळीस हुंगून आबासाहेब म्हणाले, "वास बरा आहे. सगळं खोकं माझ्या गाडीत ठेवा. देवापुढे लावायला."

"फुकट?" मी विचारलं.

"देवाकडे पैसे मागता? उद्या इथं दुकान लावायचंय ना?"

वहिनींनी शांतपणे पदर खोचला.

"देवाला नाही कसं म्हणू, आबासाहेब? पण हुंगलेलं फूल आपण देवाला वाहत नाही. मग या कशा चालतील? तुमच्या घरी हव्या असतील तर तसं म्हणा, भाव सांगते."

भोवतालची माणसं हसली. हातातली मोगऱ्याची मेणबत्ती खाली ठेवून आबासाहेब निघून गेले.