धुरपदेच्या जात्यावरचं हळकुंड

या, टेका सगळे. माझ्या डाव्या अंगाला कुणी नको, तो गुडघा आज ठणकतोय. दिवसभर तुमच्या मागे धावून माझ्यात आता एकाच गोष्टीपुरता जीव उरलाय. ती ऐकायची आणि गुपचूप झोपायचं. मध्ये पाणी मागायचं नाही.

तर एकदा काय झालं, घाटाच्या पायथ्याशी एका गावात धुरपदा नावाची एक बाई राहायची. आई गेलेली, बाप गेलेला, भाऊ नाही, बहीण नाही. घरात ती आणि एक जातं. गावाचं दळण ती दळून द्यायची आणि पायलीमागे ओंजळभर पीठ तिला मिळायचं. त्यात तिचं भागायचं. भागायचं, पण दमायची बिचारी.

तिच्या बरोबरीच्या मुलींची लग्नं कधीच झाली होती. त्यांची पोरं आता शेळ्या घेऊन रानात जायची. धुरपदेला बघायला तीन स्थळं येऊन गेली होती. पहिला आला, त्यानं घर बघितलं. दुसरा आला, त्यानं दात बघितले. तिसरा आला, तो पोहे खाऊन तिथंच झोपला. तिन्ही वेळा धुरपदा मान खाली घालून पाटावर बसली, आणि तिसऱ्या वेळी उठताना म्हणाली, "पुरे झालं. आता मी कुणासाठी पाटावर बसायची नाही."

आणि बरं का, याला कारण होतं. तिच्या मनात एक माणूस होता.

त्याचं नाव लिंबाजी. तो जात्यांना टाकी लावायचा. टाकी म्हणजे काय ठाऊक आहे का? दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो, मग दाणे नुसते घसरतात, पीठ होत नाही. तेव्हा छिन्नीनं ठोकून ठोकून त्याला पुन्हा दात करायचे. लिंबाजी वर्षातून दोनदा पिशवी घेऊन गावात यायचा आणि "टाकीऽऽ लावायची का, जात्याला टाकीऽऽ" असं ओरडायचा. तेवढंच काय ते त्याचं मोठ्यानं बोलणं. बाकी त्याची तीनच वाक्यं. "पाणी मिळेल?" "झालं." "येतो."

मग त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. सांगते. टाकी लावली की पहिल्या पिठात दगडाची कच येते. ती भाकरीत आली की दाताखाली करकरते. बाकीचे टाकीवाले टाकी लावून निघून जायचे. लिंबाजी मात्र स्वतः मांडी घालून बसायचा, तीन मुठी जाडंभरडं धान्य स्वतः दळायचा, ते पीठ मुंग्यांना टाकायचा, जातं फडक्यानं पुसायचा, आणि मगच "झालं" म्हणायचा. धुरपदेच्या घासात खडा येऊ नये म्हणून एवढं करणारा दुसरा माणूस तिला जगात ठाऊक नव्हता. मला विचाराल तर, मलाही नाही.

आता जात्याची गंमत ऐका. ते जातं बोलायचं. उगीच नाही हं बोलायचं. त्याचे दात बोथट झाले की त्याला वाचा फुटायची, आणि टाकी लागली की पुन्हा मुकं. म्हणजे लिंबाजी घरात असला की जातं गप्प, आणि तो गेला, महिने सरले, दगड झिजला, की जातं बोलायला लागायचं. काय रे? दगड कसा बोलेल? त्या काळी बोलायचा. डोळे मीट.

एकदा अशीच धुरपदा दळत बसली होती. जातं म्हणालं, "पोरी, उसासे टाकू नकोस. पीठ उडतंय."

धुरपदा म्हणाली, "तो आता चार महिन्यांनी येणार. आला तरी तीनच वाक्यं बोलणार. मी अशीच दळत दळत म्हातारी होणार. मला या घरात एकटीला मरायचं नाही रे."

जात्यानं कूस बदलल्यासारखा आवाज केला. "मग त्याला लवकर बोलाव. मागणी घालायला तोंड उघडेल असं काहीतरी कर."

मग धुरपदेनं काय केलं? नदीची वाळू आणली आणि तीन दिवस जात्यात वाळू दळली! जातं कळवळून म्हणालं, "अगं, बोलाव म्हटलं मी, माझ्या जिवावर ऊठ नाही म्हटलं." पण तिसऱ्या दिवशी दगड पार गुळगुळीत झाला. गावोगाव बांगड्या विकत फिरणारी गोदा कासारीण होती, तिच्याकडे धुरपदेनं निरोप धाडला, "लिंबाजी दिसला तर सांग, धुरपदेचं जातं बसलं."

लिंबाजी आला. धुरपदेनं पुरणपोळी केली. जवळ बसून वाढली, वरून तूप सोडलं. तो सावकाश जेवला. दोनदा तिच्याकडे बघितलं, दोनदा खाली बघितलं. तिला वाटलं, आता बोलतो. मग तो बोलला. म्हणाला, "पुरण बारीक वाटलंय. तुमचा पाटा चांगल्या दगडाचा आहे." आणि येतो म्हणून गेला.

पुन्हा वाळू. पुन्हा निरोप. पुन्हा लिंबाजी दारात.

या वेळी धुरपदेनं जरा उघडच बोलायचं ठरवलं. तुम्हाला माहीत नसेल, जात्याच्या एका खुंट्याला दोघांनी समोरासमोर बसून हात लावला की जातं भरभर फिरतं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "एकटीनं ओढायला फार जड जातं हो हे. समोर कुणी असतं तर बरं झालं असतं."

लिंबाजीचे कान लाल झाले. त्यानं बराच वेळ विचार केला. मग छिन्नी घेतली आणि दिवसभर जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा दगड, चहूबाजूंनी ठोकून ठोकून बारीक केली. संध्याकाळी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "झालं. आता एकटीला हलकं जाईल."

हसू नका. धुरपदेला हसू आलं नव्हतं. ती त्या दिवशी न जेवता बसून राहिली.

तिसऱ्या वेळी वाळू दळताना तिचे खांदे भरून आले. जातं बोलायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "आता तूच काहीतरी सांग. माझी अक्कल संपली."

जातं म्हणालं, "तो माणसांकडे बघत नाही, दगडाकडे बघतो. काय सांगायचं ते दगडावर सांग. लग्न ठरलं की जात्याच्या खुंट्याला हळकुंड बांधतात ना? बांध. त्याला बरोबर कळेल."

तिला पटलं. त्या गावात रीतच तशी होती, बरं का. लग्न ठरलं की पहिलं काम तेच. पाच सवाष्णी जमायच्या, खुंट्याला आंब्याच्या पानात हळकुंड बांधायच्या आणि त्या जात्यावर लग्नाचं पहिलं दळण दळायच्या. मग धुरपदेनं आईच्या डब्यातलं चांगलं जाडजूड हळकुंड काढलं आणि सुतानं खुंट्याला घट्ट बांधलं.

लिंबाजी आला. जात्यापाशी बसला. त्याला हळकुंड दिसलं. तो इतका वेळ बघत राहिला की चुलीवरचं दूध उतू गेलं. मग त्यानं टाकी लावली. इतकी सुबक, की तशी त्यानं आजवर लावली नव्हती. तीन मुठी दळल्या, मुंग्यांना टाकल्या, जातं पुसलं. मजुरीचं धान्य मात्र घेतलं नाही. उलट पिशवीतून एक छोटंसं भातुकलीचं जातं काढून तिच्या हातात दिलं. म्हणाला, "मी घडवलंय. पोराबाळांना खेळायला होईल." आणि गेला.

पोराबाळांना! धुरपदा हरखून गेली. तिला वाटलं, झालं, माणसानं होच म्हटलं. आता मोठ्या माणसांना घेऊन रीतसर मागणी घालायला येईल. तिनं अंगण सारवलं. आठ दिवस ती दाराकडे डोळे लावून बसली.

नवव्या दिवशी आली ती गोदा कासारीण. म्हणाली, "काय गं धुरपे, लग्न ठरलं आणि आम्हाला पत्ता नाही? लिंबाजीनं सांगितलं, तुझ्या जात्याला हळकुंड बघितलं म्हणून. तो कालच निघाला घाट चढून. म्हणाला, या बाजूला आता काही यायचं नाही."

धुरपदेच्या सगळं ध्यानात आलं. लग्न ठरलं, हे त्याला बरोबर कळलं होतं. कुणाशी, ते जात्यावर कुठं लिहिलं होतं?

ती जात्याकडे वळून म्हणाली, "आता काय करू?" पण त्याला नुकतीच टाकी लागलेली. ते मुकं. तिनं वाळूचं टोपलं जवळ ओढलं, एक मूठ भरली, आणि मग तशीच थांबली. पुन्हा तीन दिवस वाळू दळायची, पुन्हा दगडाला विचारायचं, तोवर माणूस घाट उतरून पलीकडे जायचा. तिला सगळ्याचा वीट आला. वाट बघण्याचा, खुणा करण्याचा, पुरण वाटण्याचा. ती गोदाला म्हणाली, "जात्याची वरची तळी उचलायला हात लाव. माझ्या डोक्यावर दे."

गोदा म्हणाली, "वेड लागलं का तुला?"

धुरपदा म्हणाली, "त्याच्यासमोर दगड नसला तर तो मान वर करणार नाही. आणि माझं हळकुंड याच्या खुंट्याला आहे."

तर डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तळी, अशी धुरपदा घाट चढायला लागली. पहिल्यासारखी जड असती तर तिच्यानं उचललीही गेली नसती. पण ती लिंबाजीनं बारीक केली होती ना. हे तिला अर्ध्या चढावर सुचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळे नव्हते.

पहिली वाडी लागली. तिथं एक बाई दारात उभी राहून ओरडत होती, "हे पीठ आहे का भरडा? काल त्या टाकीवाल्यानं काय ठोकून ठेवलंय!" धुरपदेनं विचारलं, "कुठं गेला?" "वर गेला." बाई म्हणाली, "बैस घटकाभर, ओझं उतरव." धुरपदा म्हणाली, "उतरवलं तर मी पुन्हा उठायची नाही." आणि पुढं निघाली.

दुसरी वाडी लागली. तिथं त्यानं खालच्या तळीला टाकी लावली होती आणि वरची तशीच विसरून गेला होता. "सकाळीच गेला," तिथली म्हातारी म्हणाली, "डोळे सुजले होते मेल्याचे." धुरपदेची मान अवघडली होती, पण पाय जरा झपाझप पडायला लागले.

तिसरी वाडी घाटमाथ्यावर. तिथं भर दुपारी एका अंगणात बायांचा कालवा चालला होता. मध्ये लिंबाजी बसलेला, हातात छिन्नी, आणि पुढ्यात जात्याचे दोन तुकडे. इतकी वर्षं दगड फोडण्यात गेली, पण जातं त्याच्या हातून कधी फुटलं नव्हतं. बाया वाटेल ते बोलत होत्या. तो मान खाली घालून ऐकत होता.

धुरपदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. वाटेत तिनं पुष्कळ गोड गोड जुळवलं होतं. ते सगळं चढावर सांडलं. डोक्यावरचं जातं तरी काही बोलेल म्हणून ती क्षणभर थांबली. ते बोललं नाही.

मग ती म्हणाली, "लिंबाजी, वर बघा. हे हळकुंड मी तुमच्या नावानं बांधलं होतं. दुसरं कुणी नाही. मला तुमच्याशी लग्न करायचंय. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण लवकर म्हणा. माझी मान मोडायला आलीय."

लिंबाजी उठला. त्यानं आधी दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरची तळी उतरवली आणि अलगद जमिनीवर ठेवली. तिला पायरीवर बसवलं. आणि मग म्हणाला, "हो."

एवढंच म्हणाला हो. पण तिचं तोंड बघून त्याला वाटलं आणखी काहीतरी बोलायला पाहिजे. म्हणून तो म्हणाला, "पाणी आणू?"

जिचं जातं फुटलं होतं त्या बाईला त्यानं नवं जातं घडवून दिलं, ते होईतो धुरपदा त्या पायरीवर भिंतीला टेकून गाढ झोपली. परत येताना तळी लिंबाजीच्या डोक्यावर होती आणि धुरपदा मोकळ्या हातांनी चालत होती. गावात लग्न लागलं. पाच सवाष्णी हळकुंड बांधायला आल्या तर तिथं आधीच एक होतं. मग त्यांनी त्याच्याशेजारी दुसरं बांधलं.

पुढं लिंबाजी त्या जात्याला टाकी लावायचा, पण कडेची बोटभर जागा तशीच बोथट ठेवायचा. जातं बोलतं हे तिनं त्याला सांगितलं होतं. धुरपदेला जात्याची सोबत होती ना इतकी वर्षं, ती का तोडा? त्या बोटभर जागेतून जातं अधूनमधून एखादा शब्द बोलायचं. धुरपदेनं पहिलं काय विचारलं असेल? "हळकुंड बांधायची अक्कल कुणी दिली होती तुला?" जातं म्हणालं, "मी दगड आहे, पोरी. मला काय कळतंय?"

मग नवरा-बायको समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावायची. दळण लवकर सरायचं. सरलं की दोघं भिंतीला पाठ टेकून बसायची, कुणी काही बोलायचं नाही, आणि कुणाला काही बोलायला लागायचंही नाही. भातुकलीचं जातं कोनाड्यात होतं, ते पुढं त्यांच्या पोरांना खेळायला आलं. सगळी सुखात राहिली, पोटभर जेवली, आणि वेळेवर झोपली. वेळेवर, ऐकलंत ना?

संपली गोष्ट. आता तू माझ्या हातावरचं डोकं उचल गं बाई, हात बधिर झालाय. हां. असं उशीवर ठेव. झालं.